कुडाळच्या मिठावरची जकात

वैशाख लागला की आमच्याकडच्या आठवडे बाजारात जाड्या मिठाच्या गोणी उघड्या मांडल्या जातात. पावसाळ्याच्या बेगमीला बांगडे खारवायचे असतात, कैऱ्या मिठात घालायच्या असतात, आणि एकदा सरी कोसळू लागल्या की आगरात मीठ पिकत नाही. “मीठ आताच घेवन ठेय, पावस पडाक लागलो की गावाचा नाय,” असं एक म्हातारी विक्रेती मला दरवर्षी बजावते. तिच्या गोणीतलं करड्या झाकेचं, ओलसर खडेमीठ ओंजळीत घेतलं की मला साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक सरकारी पत्र आठवतं.

१६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाविषयी लिहिलं. बारदेश तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तिथलं मीठ स्वस्त, आपल्या संगमेश्वराकडचं त्यामानाने महाग. घाटावरून बैल घेऊन उतरणारा व्यापारी स्वस्ताकडे वळणारच. म्हणून हुकूम असा, की बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवा की नेणाऱ्याला ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल. हयगय केली तर सगळे उदमी तिकडे जातील आणि आपल्याकडची उलाढाल बुडेल.

राष्ट्र उभारणाऱ्या माणसांनी सरकारचं काम काय मानलं, ही चर्चा आपल्याकडे बहुधा अमेरिकेच्या घटनाकारांपासून सुरू होते आणि दिल्लीच्या घटना समितीवर येऊन थांबते. मधला मोठा पल्ला आपण जयंतीच्या भाषणांवर सोडून देतो. मराठी मुलखात मात्र या प्रश्नावरचे कागद आहेत: पत्रं, आज्ञा, अंदाजपत्रकावरची भाषणं, विधेयकं. ते ओळीने वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. सरकारने फार करावं की थोडं करावं, यावर या मंडळींची मतं एकमेकांपासून खूप लांब आहेत. पण सरकारच्या नावाने दारात जो माणूस उभा राहतो त्याचं पोट कशावर भरतं आणि त्याला आवरायचं कोणी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला छळत होता. हा आढावा त्याच प्रश्नाच्या मागे जाणारा आहे.

मिठाच्या पत्राकडे परत येतो, कारण ते सरळ नाही. आपल्या मिठागरांना सांभाळायचं तर कुडाळकडच्या बाजारातलं मीठ महाग होणार. म्हणजे संगमेश्वरच्या आगरवाल्याचं हित आणि कुडाळच्या कुणब्याच्या चुलीचं हित एका जागी नव्हतं, आणि राजाने त्यातलं एक निवडलं. व्यापार आपोआप ठरेल तसा ठरू द्यावा, असं या राज्याचं मत नव्हतं. बंदर, नाका आणि घाट इथे राज्याचा हात घट्ट होता.

त्याच राजाची दोन वर्षांनंतरची आज्ञा आता शेजारी ठेवून पाहावी. १९ मे १६७३ ला चिपळूणजवळ दळवटणे इथे छावणीला असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना ते लिहितात. पावसाळा तोंडावर आहे, घोड्यांसाठी साठवलेला दाणा आणि गवत जपून वापरा. ते आधीच उधळलंत, तर भर पावसात काही मिळणार नाही. मग शिपाई कुणब्यांच्या घरात घुसतील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. तुम्हाला पैसा दिलेला आहे. जे हवं ते बाजारातून विकत घ्या. नाहीतर जे कुणबी कसेबसे तग धरून आहेत तेही परागंदा होतील आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल परवडले असं वाटेल. आग लागू नये म्हणून काय काय करावं हेही त्यात आहे. अगदी रात्री जळता ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर. हे वाचताना मी दर वेळी थबकतो. ज्याला चारी बाजूंनी शत्रू होते तो माणूस उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो आहे, कारण ती गंज जळाली की शिपाई गवतासाठी कुणाच्या तरी मांगरात शिरणार हे त्याला पुढे दिसतं आहे.

तिसरा कागद ५ सप्टेंबर १६७६ चा, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेला. इथे राज्य आवरतंही आहे आणि पुढाकारही घेतं आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही, हे एकीकडे. दुसरीकडे, गावोगाव स्वतः फिरा, कुणबी गोळा करा, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्या, ज्याच्या घरात दाणा नाही त्याला पोटाला धान्य द्या. वाढीदिढी न घेता फक्त मुद्दल, तेही ऐपत येईल तसं हळूहळू वसूल करा. त्यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. (लारी म्हणजे या किनाऱ्यावर चालणारं, चांदीची तार वाकवून केलेलं नाणं.) वसुली मालाच्या रूपात घ्या आणि नारळ, सुपारी, मिरी हंगाम बघून विका, म्हणजे भावही येईल आणि रयतेला रोकड उभी करण्याची ओढाताण होणार नाही.

या तीन कागदांत मला एक स्पष्ट रेष दिसते. नाक्यावर आणि बंदरात सरकार जोरकस, शेतात भांडवल घेऊन हजर, आणि परसात पाऊल न टाकणारं. पण ही रेष पाळणारा कोण? सुभेदार, हवालदार, शिपाई. म्हणून सभासदाच्या बखरीत ज्या धोरणाची वाखाणणी आहे ते वाचताना नीट थांबावं: मुलूख तोडून द्यायचा नाही, चाकरीचा मोबदला खजिन्यातून रोख द्यायचा, आणि वाडे-हुडे बांधून बसलेल्या देशमुखांना आवरायचं. ज्याचा पगार खजिन्यातून येतो तो रयतेकडे स्वतःच्या पोटासाठी हात पसरत नाही, असा त्यामागचा हिशेब.

मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. हा संयम रयतेचा हक्क नव्हता. तो राजाच्या विवेकातून आलेला होता. रामाजी अनंताने पत्र बासनात बांधून ठेवलं असतं तर प्रभावळीच्या कुणब्याने दाद मागायची कुठे? राजाकडेच, आणि तेही गाऱ्हाणं त्याच्यापर्यंत पोचलं तर. अष्टप्रधान होते, पण ते राजाचे होते, लोकांनी निवडलेले नव्हते. आणि हा संयम स्वराज्याच्या हद्दीपुरता होता. सुरतेला १६६४ आणि १६७० साली जे झालं ते वेगळ्या नियमाने झालं. हे सांगितल्याने महाराजांचं मोठेपण उणं होत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा झाली ती या खडकापाशी. तिथून समोर कुरटे बेट आणि त्यावरचा तट दिसतो. तीनेक वर्षांत उभं राहिलेलं हे काम आपण शौर्याची खूण म्हणून पाहतो. पण आरमार म्हणजे सर्वांत आधी लाकूड आणि पगार. या दोन्हींवर सर्वांत बारकाईने लिहिलेला मजकूर सापडतो तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमाराचा. वैभववाडीहून करूळ घाट चढून गेलं की गगनबावडा लागतो. ते बावडेकर अमात्य हेच.

आरमारावरच्या प्रकरणात अमात्य म्हणतात की आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा. बंदराच्या पैदाशीवर तो लावू नये. का? कारण आरमाराने आपलं पोट बंदरातून भरायचं ठरलं, की ते सावकाराला नाडणार. सावकार उठून जाणार आणि बंदर ओस पडणार. ज्यावर देखरेख ठेवायची त्यातूनच कमाई करण्याची मुभा राखणदाराला दिली की राखण संपते, हे सरकारच्या कारभारावरचं मराठीतलं सर्वांत धारदार वाक्य आहे असं माझं मत आहे, आणि ते एका लढाऊ खात्याच्या प्रकरणात दडलेलं आहे.

दुसरा मजकूर झाडांचा. गलबतांना सागासारखं लाकूड लागतं. ते परवानगीने तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्याला हात लावायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं.

आमच्या मामाच्या परड्यात रस्त्याकडेला एक कापा फणस होता. महामार्गाचं रुंदीकरण ठरलं तेव्हा मोजणीवाल्याने त्याच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला. मोबदल्याच्या कागदात त्याचं वय आणि घेर आला, पैसेही मिळाले. पण झाड पडेपर्यंत राजीखुशी विचारायला कोणी आलं नाही. मामी त्या आकड्यावर पाठ टेकून वाल सोलत बसायची. रस्ता हवाच होता, तिचंही तेच म्हणणं. अमात्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या, मोल आणि संतोष. आपल्या कायद्याने पहिलीचा तक्ता केला.

आज्ञापत्रातल्या टोपीकरांवरच्या इशाऱ्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. सावकार ही राज्याची शोभा. पण फिरंगी, इंग्रज, डच असे टोपीकर नुसते सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्यं आहेत. त्यांना किनाऱ्यावर कायमची जागा देऊ नये. वतनदारांबद्दलचा निवाडा मला जास्त मोलाचा वाटतो. हे जणू लहान लहान राजेच. त्यांना मुळातून उपटू नये, पण मोकळंही सोडू नये. राजा आणि रयत यांच्यामध्ये उभा राहून दोघांकडून घेणारा माणूस अमात्यांनी नीट ओळखला होता.

१८१२ साली कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेलं. पुढे मिठाची गोष्ट पुन्हा बारदेशातच वळण घेते. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रज सरकारला मिळाला आणि बदल्यात पोर्तुगीजांना दरसाल चार लाख रुपये. १८९२ साली तो तह संपला, तोवर गोव्यातले कित्येक मिठागरवाले देशोधडीला लागले होते. एकच मीठ, दोनशे वर्षांच्या अंतराने दोन सरकारांनी अडवलेलं. १६७१ च्या जकातीमागे आपल्या मिठागरांची काळजी होती. १८७८ च्या मक्त्यामागे मिठावरच्या कराचं उत्पन्न होतं. हत्यार सारखंच दिसतं, आणि म्हणूनच नुसत्या हत्याराकडे बघून सरकारची पारख होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न मराठीत नव्याने पेटला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातला मुख्य आरोपी कोण, ते पाहावं: गोरा अधिकारी ऐषारामात, आणि त्याच्या आणि शेतकऱ्याच्या मध्ये बसलेला कारकून. पुन्हा तोच मधला माणूस. पण फुल्यांनी सरकार नको म्हटलं नाही. ताली आणि बंधारे बांधा, त्यासाठी रिकाम्या वेळी फौजेचे आणि पोलिसांचे हात लावा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा, असा त्यांचा आग्रह. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं आणि इंग्लंडच्या खुल्या व्यापाराची सूत्रं गरीब, शेतीप्रधान देशाला जशीच्या तशी लावता येत नाहीत, इथे राज्याने उद्योग उभे करायला हात दिला पाहिजे, असं मांडलं. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं त्यांचं पुस्तक आलं; तो इतिहास लिहितानाही त्यांच्या मनात राष्ट्र कसं घडतं हाच प्रश्न होता.

समाजसुधारणेत सरकारने पडावं का, यावरचा वाद अधिक कडवट झाला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेलं. त्याच्या बाजूने शास्त्रग्रंथांचा आधार काढून देणाऱ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, १८३७ साली याच मालवणात जन्मलेले. टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारला आमच्या घरात कायदा करण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्यांचा सवाल. दळवटण्याच्या पत्रातली परसाची रेष टिळक वेगळ्या कारणासाठी ओढत होते. पण दहा-अकरा वर्षांची मुलगी त्या परसातच अडकलेली होती. इथे मी भांडारकरांच्या बाजूने आहे, नि:शंकपणे.

मिठाचं पुढचं पान गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी विचारलं ते असं: दुष्काळ आणि प्लेगने लोक खंगलेले असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहे. मिठावरचा कर त्यांनी लावून धरला. मणामागे अडीच रुपयांचा तो कर १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. याच गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं आणि ते पडलं. मिठावरून सरकारने हात काढावा आणि शाळेत घालावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

शिरोडं वेंगुर्ल्याहून लांब नाही. त्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत होते. गांधींची राज्याकडे बघण्याची नजर वर आलेल्या सगळ्यांपेक्षा निराळी. राज्य जितकं कमी तितकं बरं, कारण राज्याच्या हातात शेवटी जबरदस्तीच असते. ही नजर आमच्या जिल्ह्यात जगून दाखवली अप्पासाहेब पटवर्धनांनी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि येरवड्यात गांधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी उभी केली आणि संडास, खत, मेलेल्या जनावरांचं कातडं ही कामं हातात घेतली. गावाने स्वतःची घाण स्वतः उचलावी, त्यासाठी जात नेमू नये आणि सरकारचीही वाट पाहू नये. हा विचार मला ओढतो. तरी एक शंका उरते: ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या हे काम लादलं त्यांना दुसऱ्याच्या मनाच्या पालटाची वाट पाहायला सांगायचं का?

ती शंका घेऊनच आंबेडकरांकडे जावं लागतं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे खोतीचा मुलूख. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसलेला वसुलीदार. अमात्य ज्याला आवरा म्हणाले त्याला आंबेडकरांनी काढून टाका म्हटलं: १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्यामुळे.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती, विमा आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे घटनेतच लिहावं अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९४८ ला, के. टी. शहा यांनी भारत समाजवादी आहे असं घटनेत घालण्याची सूचना आणली तेव्हा आंबेडकरांनीच तिला विरोध केला. समाजाची घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत. काहींना यात माघार दिसते. मला तसं वाटत नाही. मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून ते स्वतःच्या आवडत्या योजनेपेक्षा लोकांचा निवडीचा हक्क वर ठेवत होते, आणि आर्थिक दिशा मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलेली आहे हेही त्यांनी त्याच वेळी दाखवून दिलं. त्या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही. मूलभूत हक्कांसाठी येतं. प्रभावळीच्या कुणब्याला जी दाद नव्हती ती इथे आली. तरी कारभाऱ्याची धास्ती गेली नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी बजावलं की घटनेचा एक शब्दही न बदलता नुसता कारभाराचा साचा बदलून घटना निकामी करता येते.

पुढे या जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याच्या बॅ. नाथ पै यांनी हा धागा उलट्या टोकाने धरला. १९६७ च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना हात लावायचा संसदेचा अधिकार काढून घेतला. नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक मांडून तो परत मागितला; घटना बदलण्याचा शेवटचा अधिकार लोकांनी निवडलेल्या सभेकडे असला पाहिजे, ही त्यांची भूमिका. विधेयक मंजूर झालं नाही, जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने ती गोष्ट झाली. १९७५ ची आणीबाणी पाहिल्यावर ते काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मिठावरचा कर १ एप्रिल १९४७ पासून उठला. मीठ मात्र सरकारच्या यादीतून गेलं नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत अठ्ठावन्नावी नोंद मिठाचीच आहे. २००६ पासून खाण्यासाठी विकायचं मीठ आयोडीनयुक्त असलंच पाहिजे असा देशभर नियम आहे. गलगंड टाळण्यासाठी तो आहे आणि मला पटतो. म्हातारीच्या गोणीतल्या मिठाला त्यामुळे ‘मासे खारवण्यासाठी’ असंच म्हणावं लागतं.

समुद्रावर आज उलटी हाक ऐकू येते. रापण ओढणारी वाडीच्या वाडी किनाऱ्यावर उभी राहते, दोर खांद्यावर घेते, मासळीचे वाटे घालते. पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी मासा खोलातच उचलला, तर दोराला काय येणार? म्हणून हे लोक सरकारने हात घालावा म्हणतात, आणि तसे नियम झालेही: १९८१ चा सागरी मासेमारी कायदा, २०१६ चे पर्ससीनवरचे निर्बंध, २०१७ ची दिव्यांवरची बंदी. पण १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा हेच लोक बिथरले, कारण तिथे कुणी त्यांचा संतोष विचारला नव्हता. पर्ससीन अडवायला गस्तीची नौका लागते, तिला डिझेल लागतं, वरच्या माणसाला वेळेवर पगार लागतो. अमात्यांचं आरमाराचं प्रकरण मी मच्छीमारांच्या बैठकीत एकदा वाचून दाखवलं होतं. बंदराच्या पैदाशीचा भाग आला तेव्हा मागच्या बाकावरचे तांडेल पुढे येऊन बसले.

यंदा मीठ घ्यायला गेलो तेव्हा बाजाराची पावती फाडणारा मुलगा तिच्यापाशी आलेला होता. तिने विचारायच्या आधीच पैसे पुढे केले. मी त्याला विचारलं, पगारावर आहेस की ठेक्यावर? “ठेको आसा,” तो म्हणाला आणि पुढच्या सुक्या मासळीवालीकडे वळला. म्हातारीने पिशवीत वरती आणखी मूठभर मीठ घातलं आणि तोंड सुतळीने बांधलं.